पदवीधरभाऊ आणि माझा ओटा

मी एकदा स्वतःलाच नोटीस पाठवली होती.

हातानं खरडलेली चिठ्ठी नव्हे. ग्रामपंचायतीचा छापील कागद, त्यावर गोल शिक्का, आणि मजकूर असा की आपण सार्वजनिक रस्त्यावर ओटा बांधून अतिक्रमण केले आहे, तो पंधरा दिवसांच्या आत काढून टाकावा. शिपायानं तो कागद आणून दिला तेव्हा मी त्याच ओट्यावर पाय पसरून पोपटीच्या शेंगा सोलत बसले होते. वाचून माझं डोकंच फिरलं. असला कागद काढणारं गाढव कोण, म्हणून मी खाली पाहिलं. खाली सही होती. सुरेख सही. शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत जाऊन वर वळलेली. अख्ख्या पवनी तालुक्यात तशी सही एकाच बाईची होती. गावची सरपंच मीच होते.

शिपाई डोकं खाजवत म्हणाला, पोच पाहिजे. मी पोच दिली. तिच्यावरही सही केली, शेपटीसकट.

त्या वेळच्या मला मी आता 'सरपंचबाई' म्हणते, म्हणजे ती कोणी दुसरीच होती असं वाटून जरा बरं वाटतं. वय बावन्न, शिक्षण दहावी, आणि अंगात मस्ती मावत नव्हती. बायकांसाठी राखीव जागा निघाली, मी निवडून आले. आजूबाजूच्या गावांत सरपंच बाई असायची आणि कारभार तिचा नवरा करायचा. आमच्या घरी हे चालायचं नाही, सही मीच करणार, असं मी आमच्या यांना पहिल्याच दिवशी बजावलं. हे म्हणाले, कर ना, मी कुठं अडवून राहिलो. मग मी आठ दिवस जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सहीचा सराव केला. ती इतकी झोकदार जमली की करायला कागद कमी पडू लागले. ग्रामसेवक कागद पुढं सरकवायचे, मी शेपटी काढायची. वाचायचं राहून जायचं. वाचता येत नव्हतं असं नाही, पण सही करण्यात जी मजा होती ती वाचण्यात नव्हती. त्या दिवशी अकरा नोटिसा होत्या. दहा आमच्या गल्लीतल्या दहा घरांना आणि अकरावी मला.

या अकराही ओट्यांची तक्रार ज्या माणसानं केली होती, तो रोज सकाळी माझ्याच ओट्यावर बसून माझ्याच हातचा चहा प्यायचा. लिहायचं त्यांच्याबद्दल आहे, आणि पहिलं पान माझ्या सहीनंच भरलं. सवय जात नाही.

त्यांचं नाव मनोहर रामटेके. अड्याळपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात, आमच्याच गल्लीच्या शेवटच्या घरात ते आणि त्यांची आई राहायचे. गाव त्यांना पदवीधरभाऊ म्हणायचं. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. नागपूरला राहून त्यांनी कायद्याची पदवी मिळवली होती, पण वकिलीची सनद काढली नव्हती. परीक्षा आटोपल्यावर धानाच्या रोवणीपुरते आठ दिवस म्हणून घरी आले, तेवढ्यात वडिलांनी अंथरूण धरलं, आणि ते आठ दिवस तीस वर्षं चालले. लग्न राहिलं, सनद राहिली. विचारलं की म्हणायचे, पुढच्या वर्षी काढतो. कोणी वकीलसाहेब म्हणून हाक मारली की जागीच थांबून त्याला दुरुस्त करायचे, वकील नाही, विधी पदवीधर. सनद नसताना वकील म्हणवून घेणं गुन्हा आहे अन् तू मले त्या गुन्ह्यात ओढून राहिला. लोकांनी 'विधी' गाळला आणि 'पदवीधर' तेवढा ठेवला.

सनदेच्या आशेनं त्यांनी नागपूरला एक काळा कोट मात्र शिवून घेतला होता. कोर्टात तो कधी गेला नाही, पण मांडवात फार गेला. ज्या नवरदेवाला कोट परवडत नव्हता त्याला पदवीधरभाऊंचा मिळायचा. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो काढून पाहा, नवरदेव वेगळे आणि कोट एकच. उजव्या खिशाला कोणाची तरी हळद लागली होती ती कधी निघाली नाही. भाऊ लग्नाला यायचे, दुरून नवरदेवाकडं बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, कोट बेस दिसून राहिला.

मंडईच्या नाटकासाठीही तो कोट मागायला पोरं एकदा आली. दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई भरते, पाहुण्यारावळ्यांनी गाव फुलतं आणि नाटक तर लागतंच. त्या वर्षीच्या नाटकात कोर्टाचा प्रवेश होता. भाऊ म्हणाले, कोट एकटा येणार नाही, कोटासोबत मी येणार. पोरांनी त्यांना न्यायाधीशाची दोन वाक्यांची भूमिका दिली. समाजमंदिरात दुपारी तालीम. मी बायकांच्या घोळक्यात बसून बघत होते. नाटकात असं होतं की निरपराध नायकाला दुसऱ्या अंकात शिक्षा होते आणि चौथ्या अंकात तो सुटतो. भाऊंनी सरकारी बाजू ऐकली, साक्षीदाराला दोन प्रश्न स्वतःच विचारले, आणि नायकाला दुसऱ्याच अंकात निर्दोष सोडून दिलं. दिग्दर्शकानं हात जोडले. भाऊ, याले आता सोडलं तर पुढचे दोन अंक आम्ही का करावं? भाऊ ठाम. पुरावा नाही, मी खोटा निकाल देऊ शकत नाही, तुम्ही नाटक छोटं करा. शेवटी कोट एकटाच गेला.

आणि स्कूटर. तीन गिअरची, रंग मूळचा कोणता होता हे भाऊच जाणोत. तिला आधी प्रेमानं एका अंगावर झुकवायचं, मग सरळ करायचं, मग सात-आठ लाथा. हॉर्न कधीचा मेला होता, म्हणून भाऊ तोंडानंच "बाजू, बाजू" म्हणायचे. डिकीत कार्बन पेपर, कोरे कागद, कायद्याचं एक जाडं पुस्तक आणि त्याच्यावर बाजारातली वांगी. पुस्तकाला वांग्याचा वास यायचा. आमच्या रस्त्यावर दिवसातून दोन एसटी आणि बाकी सगळ्या म्हशी, पण भाऊ वळताना हात बाहेर काढून रीतसर इशारा द्यायचे. म्हशी थांबायच्यासुद्धा. हेल्मेटशिवाय त्यांना कोणी स्कूटरवर पाहिलं नाही. पन्नास पावलांवरच्या दुकानात साखर आणायला गेले तरी हेल्मेट.

त्यांची एक खूण गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. ते स्कूटरवर बसूनच बोलायचे आणि इंजिन फडफडत ठेवायचे. पाऊसपाणी, भाव, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, सगळं त्या फडफडीत. पण त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं की समजायचं, आता खरं काही सांगणार. कारण ते परत चालू करायला आठ लाथा लागायच्या, आणि फालतू गोष्टीसाठी भाऊ आठ लाथा खर्च करत नव्हते.

सकाळी ते अड्याळला जाऊन पेपर घेऊन यायचे आणि माझ्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक बातमीवर निकाल. दूर कुठं दोन देशांची लढाई लागली, तर म्हणायचे, दोघांलेही समन्स काढा, पहिल्या तारखेले कोण गैरहजर राहते ते पाहा, तोच खोटा. नटनटीचं लग्न झालं तर, नोंदणी केली का? कोणी मोबाइलवर आलेली खबर सांगितली की विचारायचे, साक्षीदार कोण? सांगणारा म्हणायचा, सगळ्यांच्या मोबाइलवर आलं आहे भाऊ. ते म्हणायचे, म्हणजे आरोपी बरेच आहेत, साक्षीदार एकही नाही.

मी सरपंच झाल्यावर त्यांनी माझे दोन भाग केले. ऑफिसात मी 'सरपंचबाई', ओट्यावर मी 'वहिनी'. एका वाक्यातही ते दोन्ही वापरायचे. पाण्याच्या टाकीबद्दल सरपंचबाईला खडसवायचे आणि श्वास न घेता म्हणायचे, हे सरपंचबाईले झालं. वहिनी, चहा ठेवा.

तर या माणसानं माझ्या ओट्याविरुद्ध तक्रार केली. नोटीस हातात घेऊन मी गल्लीच्या टोकाला त्यांच्या दारात गेले तेव्हा ते स्कूटर पुसत होते. मी म्हटलं, ज्या पानात जेवता त्यातच... पुढं फार बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "पल्लवीले कितवा महिना?"

पल्लवी माझी सून. सातवा लागला होता. मुलगा भंडाऱ्याला नोकरीत, शनिवारी यायचा. पल्लवीच्या अंगात रक्त कमी होतं आणि दवाखान्यातल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की कळा सुरू झाल्या की घरी वेळ घालवू नका, लगेच आणा.

"दवाखान्याची गाडी कुठं थांबन?" भाऊंनी विचारलं.

मी म्हटलं, हातपंपापाशी, सगळ्यांची थांबते तशी. आमच्या वेळी कुठं होत्या गाड्या? मी तीन लेकरं घरातच काढली. असं म्हणून सरपंचबाई पदर खोचून तरातरा परत आल्या. तीनपैकी एक राहिलं नव्हतं, हे सरपंचबाई त्या दिवशी सोयीनं विसरल्या.

हातपंप गल्लीच्या तोंडाशी. तिथून आत दोन्ही बाजूंना ओटे, आणि मधून जेमतेम एक बैल जाईल एवढी वाट. काही महिन्यांपूर्वी भाऊंच्या आईला श्वास लागला तेव्हा गाडी हातपंपापाशीच थांबली होती. चौघांनी म्हातारीला बाजेवर घालून नेलं. माझ्या ओट्यापाशी बाज अडकली, ती तिरपी करावी लागली. बाजेचा एक पाय मीही धरला होता आणि लवकर, लवकर म्हणून ओरडत होते. म्हातारी दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

म्हातारीच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आठवडा गेला आणि भाऊ माझ्याकडं मोजपट्टी मागायला आले. मी ब्लाउज शिवते, घरात टेप असतो. मला वाटलं, स्कूटरसाठी शेड टाकत असतील. मी टेप तर दिलाच, दुसरं टोकही मीच धरलं. भाऊंनी माझा ओटा मापला आणि म्हणाले, साडेतीन फूट. मी म्हटलं, असं कसं, चार असेल, नीट ताणून मापा. माझा ओटा कोणापेक्षा कमी भरलेला मला चालणार नव्हतं. त्यांनी परत मापलं आणि वहीत लिहून घेतलं. त्या वहीतूनच ती तक्रार निघाली. माझ्या विरुद्धच्या पुराव्याचं दुसरं टोक मी स्वतः धरलं होतं, आणि वर अर्धा फूट वाढवून मागितला होता.

तोंडी काहून नाही सांगितलं, असं मी नंतर विचारलं. भाऊ म्हणाले, तोंडी सांगितलं तर भांडण होते, लेखी सांगितलं तर प्रकरण होते. भांडण मिटत नाही, प्रकरण मिटते.

प्रकरण मिटायची चिन्हं दिसेनात. दहा घरांनी एकच सूर लावला, आधी सरपंचबाईचा ओटा, मग आमचा. म्हणजे माझा राहिला तर सगळे राहणार. ग्रामसेवक म्हणाले, ज्यांची हरकत असेल त्यांनी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मांडावी. आणि मला ओटा सोडवत नव्हता. त्याच्यावर माझ्या मिरच्या वाळायच्या, वड्या वाळायच्या, आणि त्याच्यावरूनच गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी भांडण, कोणाच्या घरी मटण, हे सगळं मला बसल्या जागी कळायचं. सरपंचाची खुर्ची पाच वर्षांची. ओटा कायमचा.

मग मला वकील पाहिजे झाला. गावात कायदा शिकलेला माणूस एकच. मी निर्लज्जपणे त्यांच्याकडंच गेले.

भाऊ म्हणाले, मी तक्रारदार आहे, तुमची बाजू कशी मांडू? मी म्हटलं, तुम्ही बोलायले कमी पडता का? दोन्ही मांडा. त्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना एकही निकाल दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आले, इंजिन बंद केलं. मला आत्ताही त्यांचं ते तोंड दिसतं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाव पुकारल्यावर पोराचं होतं तसं. म्हणाले, "वहिनी, तीस वर्षांत मले कोणी केस दिली नाही. तुम्ही पहिल्या. मी दोन्ही बाजूनं उभा राहतो." मग आठ लाथा मारून ते शेजारच्या गावाला गेले, कारण कोट तिथल्या एका नवरदेवाकडं होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. गावाला आदल्या दिवशीच कुणकुण लागली होती, त्यामुळं गर्दी मंडईसारखी. भाऊ कोट घालून आले. हळदीचा डाग झाकायला उजवा हात खिशावर. त्यांनी जाहीर केलं की डोक्यावर हेल्मेट असेल तेव्हा मी तक्रारदार, नसेल तेव्हा सरपंचबाईंतर्फे बोलणारा विधी पदवीधर. ग्रामसेवकांनी पेन उघडला आणि हे कसं लिहू, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लिहा जसं दिसते तसं.

हेल्मेटवाल्या भाऊंनी गल्लीची मापं वाचली. माझा ओटा चार फूट म्हणून सांगितला, हे माझ्याच मागणीवरून. मग हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि त्या हेल्मेटला प्रश्न विचारू लागले. आपण रोज सकाळी याच ओट्यावर बसून चहा पिता हे खरं आहे काय? हेल्मेट चढलं. खरं आहे. उतरलं. किती वर्षांपासून? चढलं. सतरा. लोक हसून लोळायचे बाकी होते. मागं कोणी तरी म्हणालं, साखर किती, तेही विचारा. भाऊही रंगात आले होते. त्यांनी हेल्मेट काढलं, टेबलावर हात आपटला आणि विचारलं, "सतरा वर्षं ओटा चालला, मग तक्रार आताच काहून केली?"

आणि हेल्मेट चढवलं. काच खाली होती, तोंड दिसत नव्हतं. मग आतून आवाज आला, "तवा माह्यी माय चालती-फिरती होती."

म्हातारीची बाज ज्या चौघांनी उचलली होती, ते चौघंही तिथंच बसले होते. मी साडीच्या काठाचा दोरा ओढत बसले.

मला वाटलं, आता झालं, केस संपली. पण भाऊंनी हेल्मेट काढलं. डोळे पुसले, आणि त्यांच्यातला तीस वर्षं उपाशी असलेला तो दुसरा माणूस पुढं सरसावला. त्यांनी नोटीस वर धरली. ही काढणारी कोण? सरपंच. हिच्या विरुद्ध आहे ती कोण? तीच. हिची पोच देणारी कोण? तीच. स्वतःच्या प्रकरणात स्वतः निर्णय देणं कोणत्याही कायद्याले मंजूर नाही. सबब ही नोटीस बेकायदा आहे. अन् सगळ्या नोटिसा एकाच ठरावातल्या, म्हणून तो ठराव परत घ्यावा. ग्रामसेवकांनी जाडं पुस्तक मागितलं, वांग्याचा वास आला म्हणून नाक जरा मागं घेतलं, वाचलं, आणि म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. सगळं परत करावं लागेल. नवा ठराव, नवी मोजणी, चार-सहा महिने तरी.

टाळ्या पडल्या. दहा घरांनी भाऊंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी तर सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. पदवीधरभाऊ आयुष्यातली पहिली केस जिंकले होते. ते कोट सावरत बाहेर आले, स्कूटर झुकवली, सरळ केली, लाथा मारल्या. नऊ, दहा, अकरा. चालू झाली नाही. ती तशीच ढकलत घरी गेले. जिंकलेला माणूस असा जातो का, असा विचार माझ्या मनात आला, पण जिलेबी उरली होती म्हणून मी तो लांबणीवर टाकला.

संध्याकाळी मी ओट्यावर ऐसपैस बसले होते. येणारा-जाणारा अभिनंदन करत होता. समोरच्या ओट्याला टेकून कोणाची तरी सायकल उभी होती. पल्लवी नळावरून कळशी घेऊन आली. माझ्या ओट्यापाशी ती थांबली. सरळ येता येईना. कळशी तिनं या हातातून त्या हातात घेतली, आडवी झाली, पोटावर हात ठेवला आणि कडेकडेनं सरकत गेली. ओट्याच्या कोपऱ्याला पोट घासू नये म्हणून श्वास आत ओढून. मला म्हणाली, आई, पाय जरा वर घेता का.

मी पाय वर घेतले. बस एवढंच. तिनं टोमणा मारला असता तर मी उलट टोमणा मारला असता आणि ओटा आजही असता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी कुदळ घेतली. हे दात घासत बाहेर आले आणि विचारलं, आपण जिंकलो ना काल? मी म्हटलं, हो, जिंकलो, सब्बल आणा. मी निम्मा कुदळीनं फोडला, उरलेला यांनी पहारेनं. मिरच्या घरात नेल्या.

बाकीच्या दहांना नोटीस उरली नव्हती आणि माझ्या बोलण्याला कोणी भीक घालत नव्हतं. पण मला आता बसायला जागा नव्हती. म्हणून मी रोज एकेकाच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. सकाळी चहापासून दुपारी जेवणापर्यंत. शेंगा सोलायच्या, त्यांच्या घरात कोण काय बोलतं ते ऐकायचं आणि त्यावर सल्ला द्यायचा. पहिल्या घरानं तीन दिवस सोसलं. दुसऱ्यानं दोन. दहाव्या घरचा ओटा तर मी पोचण्याआधीच फोडून झाला होता.

माझा ओटा गेला त्या दिवशी पदवीधरभाऊ पेपर घेऊन आले, मोकळ्या जागेकडं पाहिलं, तिथं स्कूटर उभी केली आणि तिच्यावरच बसून वाचू लागले. मी चहा हातात दिला. कपबशी ठेवायला जागा नव्हती, ती त्यांनी हेल्मेटमध्ये ठेवली.

मार्चच्या सुरुवातीला भर दुपारी पल्लवीला कळा लागल्या. गाडी आली ती हातपंपापाशी थांबलीच नाही, थेट दारात. तिच्या पुढं पदवीधरभाऊ, हेल्मेट घालून, स्कूटरवर, "बाजू, बाजू" ओरडत. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वळणावर त्यांनी हात काढून इशारा दिला तेव्हा मागच्या गाडीच्या ड्रायव्हरनंही घाबरून हात काढला. दवाखान्यापर्यंत ते असेच पुढं होते. ड्रायव्हर नंतर मला म्हणाला, मावशी, ते काका पुढं नसते तर आपण दहा मिनिटं आधी पोचलो असतो. पण पोचलो वेळेवर. नात झाली. रक्ताची पिशवी चढवावी लागली, दोघी सुखरूप घरी आल्या.

ती नात, तनू, आता माझ्या खांद्याला लागते आणि माझ्या सहीची हुबेहूब नक्कल करते. मी तिला सांगितलं आहे, शेपटी काढ, पण आधी वाच.

भाऊ पुढंही अनेक वर्षं त्याच जागी स्कूटर लावून पेपर वाचायचे. चंद्रावर यान उतरलं त्या दिवशी सगळं गाव नाचत होतं, तर यांचा प्रश्न, तिथला सातबारा कोणाच्या नावानं आहे ते पाहिलं का? जागा मोकळी असली तर ताबा, नसली तर अतिक्रमण. असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आत जाऊन चहा ठेवला. ओट्याबद्दल मात्र ना त्यांनी कधी विषय काढला, ना मी. माझ्या मनात एक सल राहून गेली होती. माणसाच्या आयुष्यात एकच केस, ती तो जिंकतो, आणि ती जिंकून देणारी बाईच दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन निकाल फोडते. त्याला वाईट वाटलं असेल की बरं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. अड्याळच्या रस्त्यावर त्यांनी एका झाडाला बाजू बाजू म्हटलं, तेव्हा नागपूरचा पुतण्या त्यांना न्यायला आला. सनद राहिली ती राहिलीच. कोट त्यांनी समाजमंदिराला दिला, पुढच्या नवरदेवांसाठी. स्कूटर माझ्या अंगणात आणून उभी केली आणि कार्बन पेपर लावून लिहिलेला कागद माझ्या हातात दिला, सदर वाहन कोणत्याही परिस्थितीत रस्त्यावर उभे करू नये. एक प्रत मला, एक त्यांच्याकडं. मी वाचला आणि मग सही केली.

पुतण्याची कार थेट त्यांच्या दारापर्यंत आत आली होती. निघाली ती माझ्या घरासमोर येऊन थांबली. मी आणि तनू दारात उभ्या. भाऊ पुढच्या सीटवर, पट्टा लावून, मांडीवर हेल्मेट. त्यांनी पुतण्याला काही तरी सांगितलं. पुतण्या म्हणाला, काका, उशीर होते, तुम्ही बोला ना, गाडी चालू राहू द्या. भाऊंनी स्वतःच हात पुढं नेला आणि चाचपडत किल्ली फिरवली. गल्ली एकदम शांत झाली. काच खाली केली, जिथं माझा ओटा होता त्या जागेकडं अंदाजानं तोंड केलं आणि म्हणाले,

"वहिनी, विधी पदवीधर म्हणून सांगतो, तुमचा ओटा अतिक्रमणच होता. तुम्ही फोडला ते बेस केलं. शेजारी म्हणून सांगतो, तशी बसायले जागा मले पुन्हा कुठंच भेटली नाही."